आधी फ्लेक्स, मग शिखर

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बर्फ पडत नाही. आजवर पडलेला नाही, नजीकच्या काळात पडण्याची चिन्हे नाहीत, आणि रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी या व्याख्येत बसत नाही. याबाबत कोणाची हरकत असल्यास ती लेखी नोंदवावी.

ही घोषणा करण्याचं कारण असं, की मी गेली अठरा वर्षं याच जिल्ह्यात लोकांना बर्फावर चालायला शिकवते. त्यावर माझं घर चालतं. शाळेतली पी.टी.ची नोकरी सोडून मी या धंद्यात कशी पडले, हा मजकूर कंटाळवाणा आहे. शिवाय त्यात माझ्या सासरच्या मंडळींचा उल्लेख येतो. तेव्हा तो वगळते.

धंदा थोडक्यात सांगते. हिमालयात काही शिखरं अशी आहेत, की ती चढायला तुम्ही गिर्यारोहक असण्याची गरज नसते. गुडघे शाबूत हवेत, दोन-तीन महिने सराव हवा आणि सांगितलेलं ऐकण्याची सवय हवी. यातली तिसरी गोष्ट आपल्याकडे फार दुर्मीळ. या शिखरांना ट्रेकिंग पीक म्हणतात. मनालीच्या वर सोलंग खोऱ्यात फ्रेंडशिप पीक नावाचं असं एक शिखर आहे. उंची सतरा हजार फुटांच्या थोडी वर. मी मंडळींना बहुतेक वेळा तिथंच नेते. बुटाखाली क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी सुळे बांधायचे, हातात आइस ॲक्स म्हणजे बर्फातली छोटी कुदळ घ्यायची, कमरेला पट्टा लावून एका दोरात सगळ्यांनी ओवून घ्यायचं आणि मुंगीच्या गतीनं वर जायचं. एवढंच. बाकी सगळं हवेवर अवलंबून. म्हणजे पावसापाण्याच्या हवेवर, आणि छातीत जाते त्या हवेवरसुद्धा. वर ती विरळ होत जाते. तिची सवय व्हायला शरीराला काही दिवस द्यावे लागतात. जो घाई करतो, त्याचं डोकं दुखतं, मग पोट ढवळतं, मग पाय अडखळतात, आणि मग अक्कल जाते. अक्कल गेलेली माणसाला स्वतःला कधीच कळत नाही. ते ओळखायचं काम माझं.

सराव आम्ही इथंच करतो. एकदा मला वाटलं, बर्फ नसला तरी पांढरं आणि उताराचं काहीतरी आपल्याकडे असेलच की. म्हणून पाचोडकडच्या एका जिनिंगच्या मालकाला गाठलं आणि त्याच्या आवारातल्या कापसाच्या ढिगावर एक अख्खी तुकडी चढवली. बर्फावरून घसरताना आइस ॲक्स रोवून स्वतःला कसं थांबवायचं, हा धडा होता. कापसात कुणी घसरतच नाही. माणूस आत जातो. एक मुख्याध्यापक कमरेपर्यंत गेले आणि त्यांना काढायला आणखी दोघं गेले. तुकडी परत निघाली तेव्हा सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या होत्या, बायकांच्यासुद्धा. मालक म्हणाला, "बाई, बर्फात काय व्हायचं ते व्हवो, हितं पुन्हा येऊ नका."

अक्कल तपासायची माझी स्वतःची एक पद्धत आहे. पुस्तकात रेघेवर चालायला सांगा, उलटे आकडे म्हणायला सांगा, असं असतं. ते मी करतेच. पण त्यापुढे माणसाला त्याच्या रोजच्या कामातलं विचारते. वाण्याला दुकानाची मांडणी विचारायची, गृहिणीला पुरणपोळी. एका बाईंनी साडेचौदा हजार फुटांवर पुरणात मोहरीची फोडणी घातली, तेव्हा मी त्यांना तडक खाली उतरवलं. खाली आल्यावर त्यांच्या यजमानांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ती घरीही असंच करते."

असो. सांगायचंय ते काशिनाथमामांबद्दल.

आमचा दर रविवारचा सराव दौलताबादच्या किल्ल्यावर असतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये विटा. काशिनाथमामा तिथले गाइड. अठ्ठावन्न-एकोणसाठ वय, पांढरी टोपी, आवाज असा की चांदमिनारापाशी बोलले तर तिकीट खिडकीवर कळावं. घरची सीताफळाची बाग, पण जीव सगळा किल्ल्यात. पहिल्या भेटीत मला म्हणाले, "ताई, पाठीवर काय भरलंय?"

"विटा."

"वर घर बांधायलात का?"

मामांची दोन वैशिष्ट्यं आधी सांगितली पाहिजेत. पहिलं म्हणजे, ते उलटे चालतात. पर्यटकांकडे तोंड करून, किल्ल्याकडे पाठ करून, पायऱ्यासुद्धा उलट्या चढतात आणि तोंड चालू असतं. तीस वर्षांत एकदाही पडलेले नाहीत. दुसरं म्हणजे, त्यांची दहा मिनिटं. दमलेला माणूस खंदकाच्या पुलावर विचारतो, "मामा, अजून किती?" मामा सांगतात, "आता काय, धा मिनटं राह्यलंय." अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या त्या काळ्याकुट्ट भुयारातून, बाहेर पडल्यावर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. वरच्या बारादरी महालाच्या खालच्या पायऱ्यांवरही तेच. मी एकदा घड्याळ लावलं होतं. पुलावरच्या दहा मिनिटांना एक तास वीस मिनिटं लागली. दौलताबादेत आता ते मापच झालंय. एस.टी. कधी येणार, लग्नातली पंगत कधी बसणार, असं कुणी विचारलं की लोक म्हणतात, "मामाची धा मिनटं." आणि विचारणारा खुशाल मांडी घालून बसतो.

एका रविवारी मामा बारादरीत माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "ताई, मी चढंन का हो तुमचा हिमालय?"

"तुम्ही? तुम्ही रोज दोनदा किल्ला चढता. माझ्या तुकडीत तुमच्याएवढे पाय कुणाचेच नाहीत."

"पायाचं नाय हो. तीस वर्सं झाली, मी लोकांला वर न्यायलो. मला कुणीच कुठं नेलं नाय. मला बी एकदा दमू द्या. मी बी इचारतो, किती राह्यलंय. अन् तुम्ही सांगा, धा मिनटं."

यावर नाही म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे. डॉक्टरांनी तपासलं, छाती-गुडघे उत्तम निघाले, आणि मामा तुकडीत आले.

निघायच्या दिवशी त्यांना घ्यायला आमची जीप दौलताबादच्या चौकात थांबली, आणि मी वर बघितलं.

चौकात फ्लेक्स लागला होता. वीस फुटी. त्यावर मामा. लग्नातल्या फोटोतले, सफारीतले, गॉगल लावलेले, एक पाय शिखरावर ठेवलेले. ते शिखर कुठलं होतं देव जाणे, पायथ्याशी लाल कौलांची टुमदार घरं आणि गुबगुबीत गायी दिसत होत्या. वर मोठ्या अक्षरांत: 'दौलताबादचा ढाण्या वाघ हिमालयाच्या शिखरावर! शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून सतरा जणांचे फोटो.

"संतोष, अरे अजून गाडीत बसलेसुद्धा नाहीत ते," मी मामांच्या पुतण्याला म्हटलं.

"मॅडम, आल्यावर लावला तर त्यात काय मजा? तवर लोक इसरत्यात. आपल्याकडं आधी लावायची पद्धत हाये."

मामा लाजून जमिनीकडे बघत होते. त्यांचे गाइड दोस्त शब्बीरभाई हार घेऊन आले. हार घालता घालता म्हणाले, "मामू, फ्लेक्स तो लग गया. अब ऊपर नै गए तो इसी चौक से रोज गुजरना है, हाँ! टूरिस्ट लोगां भी पढ़ते इसको." सगळे हसले. मामाही हसले, पण जरा उशिरा.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. त्या फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात 'मार्गदर्शक' म्हणून माझाही फोटो होता. मी तो पाहिला, चांगला आलाय असं मनात म्हटलं, आणि जीपमध्ये बसले. ज्या माणसाच्या अभिनंदनाचा फलक गावात आधीच लागलाय, तो माणूस डोंगरावर खरं बोलेल का, हा प्रश्न अठरा वर्षं धंद्यात असलेल्या बाईला तेव्हाच पडायला हवा होता. तो मला पडला नाही. मी फोटो बघत होते.

वरचे पहिले दिवस म्हणजे निव्वळ धमाल. तुकडीत पाच जण. मामा सोडून सगळ्यांत लक्षात राहण्यासारखे म्हणजे पवारसर, वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांना झोप कशी झाली तेही सांगायचं, आणि ते आम्हाला. मामांनी पहिल्याच मुक्कामात स्वयंपाकाच्या तंबूचा ताबा घेतला. घरून येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, आणलं होतं. आमच्या स्वयंपाक्याला त्यांनी येसराची आमटी शिकवली, आणि तो हिमाचली गडी ती वाटीनं प्यायला लागला. बर्फ पहिल्यांदा दिसला तेव्हा मामांनी टोपी काढली, वाकून मूठभर उचलला, जिभेवर ठेवला आणि निकाल दिला, "बेचव हाये. पर थंड लई."

बर्फावरच्या सरावाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. आमचे स्थानिक गाइड ताराचंद, शांत माणूस, दिवसाला वीसेक शब्द बोलणारे. त्यांनी सगळ्यांना क्रॅम्पॉन बांधले आणि ओळीत चालायला लावलं. मामा पुढे. चार पावलं नीट गेले. मग मागून कुणीतरी विचारलं, "हा बर्फ बारा महिने राहतो का हो?" झालं! तीस वर्षांची सवय. मामा गर्रकन वळले, आमच्याकडे तोंड केलं, एक हात हवेत फेकला आणि उलटे चालत माहिती द्यायला लागले, "तर मंडळी, हा जो आपल्याला उजव्या अंगाला बर्फ दिसायलाय..." तिसऱ्या उलट्या पावलाला एका बुटाचे सुळे दुसऱ्या पायाच्या पॅंटमध्ये अडकले आणि मामा बसले. बसले ते तसेच वीस फूट खाली घसरत गेले. टोपी आधी पोहोचली.

ताराचंद खाली गेले, त्यांना उठवलं, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "दादा, यहाँ मुँह आगे."

"व्हय. आगे," मामा म्हणाले. "पर दादा, पाहुण्याला पाठ दाखवायची म्हंजी बरं वाटत नाय."

हसू येण्यासारख्या गोष्टी तिथपर्यंत. त्यापुढच्या मुक्कामावर मामा जरा कमी बोलायला लागले. मी विचारलं, "डोकं दुखतंय का?"

"नाय."

"जेवलात?"

"टम्म."

बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र असतं. ते घेऊन मी तंबूपाशी गेले की मामा बाहेर उभे राहून हात चोळत असायचे आणि लांब लांब श्वास घेत असायचे. मला वाटलं, काय शिस्तीचा माणूस आहे, प्राणायाम करतोय. आकडा बरा यायचा. ते आकडा बरा यावा म्हणूनच हात चोळत होते आणि श्वास घेत होते, आणि संध्याकाळचं सूप तंबूमागे बर्फात ओतत होते, हे मला नंतर कळलं. ताराचंदांनी त्या दिवशीच्या वीस शब्दांतले चार खर्च केले होते, "मामाजी आज चुप हैं." मी म्हटलं, "थकले असतील." माझ्या अठरा वर्षांतली ही चूक मी रंगवून सांगत नाही. तशीच ठेवते.

शिखराला पहाटेच्या फार आधी निघावं लागतं, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ होतो. डोक्यावर दिवे लावून निघालो. पुढे ताराचंद, मग पवारसर आणि बाकी तिघं, मग मामा आणि मी. मागे आमचा आणखी एक माणूस, दोरासह. उजाडलं तेव्हा सगळ्यांत मोठ्या उताराच्या मध्यावर होतो. मामा पाय उचलत होते, पण टाकताना जरा बाजूला टाकत होते. मधेच थांबून त्यांनी मागे पाहिलं. मला वाटलं, आता माहिती सुरू होणार. पण ते म्हणाले, "ताई, किती राह्यलंय?"

आता बघा. हा माणूस या एका प्रश्नासाठी इथवर आला होता. शिखर डोळ्यांसमोर दिसत होतं, वर पांढरं, मागे निळं. नेहमीच्या चालीनं दीड तास. मी हसले आणि म्हटलं, "धा मिनटं!"

ते हसले नाहीत. मान हलवली आणि पुन्हा पाय टाकला, बाजूला.

काशिनाथमामांना स्वतःची दहा मिनिटं ओळखू आली नव्हती.

मी ताराचंदांना हाक मारून सगळ्यांना थांबवलं. मामांजवळ गेले. म्हटलं, "मामा, मला किल्ला दाखवा."

"आता?"

"आता. मी मुंबईहून आलेय, पहिल्यांदाच. चला, दरवाज्यापासून."

मामांनी घसा साफ केला. आवाज नेहमीसारखा लागला नाही, पण लागला. "तर मंडळी, हा महाकोट. हितून आत आलं की डाव्या अंगाला हत्ती हौद. फुडं भारतमातेचं मंदिर. मग चांदमिनार. चिनी महाल, त्याच्यावर मेंढा तोफ. मग खंदक, त्याच्यावरचा पूल. पुलावरनं आलं की..." ते थांबले. "पुलावरनं आलं की बारादरी. बारादरीच्या वर दुर्गा तोफ. झाला किल्ला."

"मामा, पुलानंतर काय?"

"बारादरी."

"मधे काही नाही?"

"काय नाय. सरळ रस्ता."

पवारसर बोलायला जात होते, त्यांना मी हातानं थांबवलं. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पाचेक श्वास गेले असतील. मग त्यांनी हळूहळू आइस ॲक्स बर्फात रोवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अंधारी."

"हो."

"मी अंधारी इसरलो, ताई."

"हो मामा."

"तीस वर्सं. रोज दोनदा." त्यांनी वर शिखराकडे पाहिलं, मग खाली, जिथून आलो तिकडे. "अंधारी इसरलेला गाइड लोकांला घेऊन डायरेक खड्ड्यात जाईल." मग विचारलं, "डोकं दोन दिवस झाले दुखायलंय. त्या फ्लेक्सचं काय करू मी?"

"आधी खाली जाऊ. फ्लेक्सचं मी बघते," मी म्हटलं. कसं बघणार होते, ते मला ठाऊक नव्हतं.

"तुम्ही जावा वर. तो माणूस नेईल मला खाली."

"आणणाऱ्यानं परत न्यायचं असतं. तुम्ही कधी पाहुणा अंधारीत सोडून गेलात?"

ताराचंद चौघांना घेऊन वर गेले. मी आणि मागचा माणूस, मामांना मधे घेऊन, उतरायला लागलो. या आजाराला औषध एकच, खाली जाणं, आणि जितकं लवकर तितकं बरं. वरच्या तळावर त्यांना ऑक्सिजन लावला, गोळ्या दिल्या, आणि थांबलो नाही. जसजसे उतरलो तसतसे पाय सरळ पडायला लागले. दुपारी खालच्या गवताळ मैदानात पोहोचलो. मामा एका दगडावर बसले, बूट काढले, आणि एकदम सुरू झाले, "तर मंडळी, पुलावरनं आलं की ही आपली अंधारी! हितं मोबाईलची बॅटरी लावायची नाय, वटवाघळं उठत्यात. शत्रू हितं आला की त्याला वाटायचं डाव्या बाजूला उजेड हाये..." सगळी अंधारी, वळणं आणि वटवाघळांसकट, एकही पायरी न गाळता. आमचा माणूस हिमाचली, त्याला एक अक्षर कळलं नाही. मी मात्र गवतात बसून रडले. थकव्यानं असेल.

संध्याकाळी चौघं शिखर करून उतरले. मी संतोषला फोन लावला. "फ्लेक्स काढून ठेव बाबा."

"काढायचा? मॅडम, त्याच्यावर सतरा जणांचे फोटू हायेत. काढला तर सतरा घरं रुसत्यात. अन् हलगीवाले सांगून ठेवलेत. काका बरे हायेत ना?"

"बरे आहेत. पण..."

"मग बास! आम्ही चौकातच थांबतो."

परतीच्या गाडीत पवारसरांनी तोडगा काढला. इंजिनिअरच तो. मोबाईलवर स्वतःचा शिखरावरचा फोटो उघडून मामांपुढे धरला. "बघा, हेल्मेट, गॉगल, तोंडावर मफलर. यात मी आहे की तुम्ही, कोण सांगणार? उंचीही सारखीच. तुम्हाला पाठवतो. दाखवा खुशाल. तुम्ही माझ्याइतकेच चढलात, मामा, दीड तास कमी, एवढंच."

सर मनापासून बोलत होते. त्यांचा शिखरावरचा फोटो ते दुसऱ्याला द्यायला निघाले होते, आणि ज्यांनी शिखर केलंय त्यांना विचारा, हे काही लहान काम नाही. मामांनी फोटो आपल्या मोबाईलवर घेतला. भोपाळपासून मनमाडपर्यंत ते तो फोटो बोटांनी मोठा करून बघत होते, लहान करून बघत होते. मी नको म्हणायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या फ्लेक्सवर माझाही फोटो होता ना.

जीप दौलताबादच्या चौकात वळली तेव्हा सकाळ होती आणि हलगी आधीच कडकडत होती. सगळं गाव जमलं होतं. एका कोपऱ्यातून फाटलेल्या फ्लेक्सवर मामांचा पाय अजून शिखरावर होता. संतोषनं टेम्पोवर माइक बांधला होता. मामांना हार पडले, इतके की तोंड दिसेना. वेरूळकडे निघालेली पर्यटकांची एक बससुद्धा थांबली आणि लोक खिडक्यांतून फोटो काढायला लागले. संतोष माइकवर ओरडत होता, "हिमालय सर करून आलेले आमचे काका..."

मामांच्या हातात मोबाईल होता. फोटो उघडलेला. मला जीपजवळून तो दिसत होता.

शब्बीरभाई पुढे झाले. त्यांनी माइक संतोषच्या हातातून घेतला, मामांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "हाँ तो मामू! बताव सबको. ऊपर कैसा लगा?"

हलगी थांबली. मामांनी फ्लेक्सकडे पाहिलं. सतरा शुभेच्छुक, कोपऱ्यात मी, लाल कौलांची घरं. मग मोबाईल खिशात टाकला. गर्दीकडे तोंड केलं, सवयीनं दोन पावलं उलटे मागे सरले, एक हात हवेत फेकला. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पाहुण्यांसमोर मामांना शब्द सापडत नाही, असं दौलताबादेनं पहिल्यांदाच पाहिलं असावं. आणि मग माइक असताना, त्याची काही गरज नसलेल्या त्या आवाजात, चांदमिनारापर्यंत ऐकू जाईल असे मामा ओरडले:

"धा मिनटं राह्यलं व्हतं!"